भाचा ‘कर्नल’मध्ये आहे!



गेल्या महिन्यात किनवटला एका लग्नात माझ्या बहिणीला कुणीतरी विचारलं, “मुलगा काय करतो?” ती म्हणाली, “हैदराबादला असतो. कर्नलमध्ये काम आहे त्याचं.” समोरच्या काकू चकित झाल्या. “अगंबाई, मिलिटरीत? एवढ्या लहान वयात कर्नल!” बहिणीने गैरसमज दूर केला नाही, कारण पुढे काय सांगायचं हे तिलाही ठाऊक नव्हतं. आपल्या आदिलाबादकडची बरीच मुलं आज असलं ‘एम्बेडेड’ काम करतात आणि आईवडिलांना ते सांगता येत नाही. म्हणून या वेळचं सदर त्यावर.

हा कर्नल म्हणजे गर. सरकी फोडल्यावर आत निघतो तसा, ऑपरेटिंग सिस्टिमचा सगळ्यात आतला भाग. त्याचं काम दुभाष्याचं. आपल्या कापसाच्या मार्केटमध्ये कुणी गोंडी बोलतो, कुणी तेलुगू, कुणी मराठी, कुणी उर्दू. सगळ्या भाषा येणारा एक माणूस मध्ये असला की सौदा जमतो. मोबाइलमधलं ॲप फक्त म्हणतं, ‘हा फोटो साठव.’ आत कुठल्या कंपनीची चिप आहे, हे त्याला माहीत नसतं. कर्नल ते त्या चिपच्या भाषेत सांगतो. १९९१ मध्ये फिनलंडच्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने लिनक्स हा कर्नल लिहिला, तेव्हा त्याला एकाच प्रोसेसरची भाषा येत होती, इंटेल ३८६ची. आज अँड्रॉइड फोनपासून वायफायच्या राउटरपर्यंत तो सगळीकडे आहे. प्रत्येक नव्या चिपची भाषा त्याला कुणीतरी बसून शिकवली, म्हणून.

भाचा तेच करतो. नवं बोर्ड टेबलावर येतं तेव्हा ते मुकं असतं. पडदा नाही, आवाज नाही. पहिली धडपड असते ती सिरियल पोर्टच्या दोन-तीन तारांवरून एक अक्षर बाहेर काढण्याची. मग टायमर, इंटरप्ट, मेमरी, नेटवर्क असं एकेक जागं करायचं. “मामा, पहिलं अक्षर दिसायला नऊ दिवस लागले,” तो सांगत होता. “त्या रात्री आनंदाने एकटाच चहा प्यायला गेलो.”

कुठला भाग कोणत्या पत्त्यावर आहे, कशाला जोडलेला आहे, याची नोंद ‘डिव्हाइस ट्री’ नावाच्या फाइलमध्ये असते. पैनगंगेपलीकडे सातबारा, आपल्याकडे पहाणी, तसंच हे. पूर्वी एआरएम जातीच्या चिपांसाठी ही माहिती प्रत्येक बोर्डागणिक कर्नलच्या कोडमध्येच कोंबली जायची. पसारा इतका वाढला की २०११ मध्ये टोरवाल्ड्स जाहीरपणे भडकले. त्यानंतर ती मंडळी डिव्हाइस ट्रीकडे वळली.

बोर्ड चालू झालं, म्हणजे काम संपलं का? नाही. लिहिलेला कोड कंपनी मूळ लिनक्सबाहेरच ठेवू शकते किंवा त्यात सामील करण्यासाठी पाठवू शकते. पाठवला की जगभरचे जाणकार तो सगळ्यांसमोर तपासतात, चुका काढतात, परत पाठवतात. भाच्याचा कोड पाचव्या खेपेला स्वीकारला गेला. मी म्हटलं, “अरे, एवढं रक्त आटवून फुकट कशाला द्यायचं?”

त्याने आमच्या टीव्हीच्या डब्याकडे बोट दाखवलं. दिवाळीत पाहुणे जमलेले असताना त्यावर एकही ॲप चालेना. ‘ही आवृत्ती जुनी झाली’ एवढंच उत्तर. मी तो भंगारात टाकायला निघालो होतो. भाच्याने उघडून पाहिलं. आतली चिप ठणठणीत होती. पण तिच्यासाठी लिहिलेला कोड मूळ लिनक्समध्ये कधी गेलाच नव्हता. लिनक्सची नवी आवृत्ती साधारण नऊ-दहा आठवड्यांनी येते, आणि आमचा डबा मात्र विकत घेतला त्या दिवशीच्या आवृत्तीवर अडकलेला. “मामा, यंत्र मेलं नाही. त्याचा दुभाषी म्हातारा झालाय,” तो म्हणाला. पैसे मात्र माझे गेले.

अर्थात, एकदा आत गेलं की कायमचं, असंही नाही. जानेवारी २०१८ मध्ये लिनक्सच्या ४.१५ आवृत्तीत रिस्क-व्ही या खुल्या रचनेच्या प्रोसेसरला प्रवेश मिळाला. त्याच वर्षी जूनमध्ये, ४.१७ आवृत्तीतून तब्बल आठ जुन्या प्रोसेसर-जातींची हकालपट्टी झाली. वापरणारं आणि सांभाळणारं कुणी उरलं नव्हतं. नांगरलेलं शेतसुद्धा दोन पावसाळे सोडलं की गवत माजतं. इथेही कोडच्या प्रत्येक भागापुढे तो सांभाळणाऱ्याचं नाव नोंदवतात, ते त्यासाठीच.

ही गोष्ट आपल्या देशासाठी महत्त्वाची आहे. मद्रास आयआयटीचा ‘शक्ती’ आणि सी-डॅकचा ‘वेगा’ हे भारतीय प्रोसेसर याच रिस्क-व्हीवर उभे आहेत. २०१८ मध्ये शक्तीच्या चिपवर लिनक्स चाललं, आणि त्याच वर्षी चंदिगडजवळच्या कारखान्यातही शक्तीची चिप तयार झाली. चिप बनली की पेपरात फोटो येतो. ती पंधरा वर्षं कामात राहावी म्हणून कुणीतरी रात्री जागून लिहिलेल्या ओळी कुठे छापून येत नाहीत. पण त्या ओळी नसल्या, तर चिप म्हणजे नुसता महागडा खडा.

बहिणीला हे सगळं समजावलं, तर तिने एका वाक्यात आटोपलं: “म्हणजे मुक्या यंत्राला बोलायला शिकवतो.” पुढच्या लग्नात काकूंना हेच सांगणार आहे म्हणाली. तुमच्याही घरी असा एखादा ‘कर्नल’ असेल, तर रविवारी फोनवर ‘जेवलास का?’ नंतर एकदा विचारा, ‘सध्या कुठल्या यंत्राला बोलतं करतोयस?’

डबा अजून माळ्यावर आहे. भाचा म्हणतो, सुट्टीत येऊन बघतो.