अतिदक्षता विभागातील रात्र

श्वासनलिकेतील नळी स्वरतंतूंमधून जाते, म्हणून रुग्ण बोलू शकत नाही. अखंड प्रकाश, यंत्रांचे गजर, गुंगीची औषधे यांनी दिवस-रात्रीचे भान हरपते. घरचा कर्ता पुरुष मुलालाही ओळखत नाही, नळी उपसू पाहतो. मग हात बांधावे लागतात. बाहेर बाकावर बसलेल्यांना हे वेड वाटते, पण हा भ्रम बहुधा ओसरतो. चष्मा, श्रवणयंत्र, कानाशी हळू म्हटलेला नवकार यांचा आधार होतो. (पेढीच्या गोष्टी तेथे नकोतच.)

जन्मभर चौविहार पाळणाऱ्याला रात्री नळीने आहार द्यावा काय, हे मुलांनी कोणास विचारावे? सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये वैद्यकीय इच्छापत्रास मान्यता दिली, २०२३ मध्ये त्याची रीत सुलभ केली: दोन साक्षीदार आणि नोटरी पुरे. तिजोरीत मृत्युपत्र सापडते. हा कागद क्वचितच.