जुन्या नौकेचा जीर्णोद्धार

‘जुनें तें सोनें’ ही म्हण आपण सर्वांनीं ऐकिली आहे. परंतु जुनी वस्तु नीट राखण्याचे श्रम फार थोडे लोक पत्करितात. याचें एक बोधप्रद उदाहरण म्हणून फायबरग्लासच्या लहान शिडाच्या नौकेचा विचार येथें करूं.

अमेरिकेंतील कनेक्टिकट संस्थानांत वॉटरबरी येथील अल्कोर्ट कंपनीनें ‘सनफिश’ नांवाची चिमुकली नौका प्रथम लांकडाची बनविली, व १९६० च्या सुमारास ती फायबरग्लासची करण्यास आरंभ केला. लांबी पावणेचौदा फूट, वजन सुमारें १३० पौंड, आणि कोंकणच्या मचव्याची आठवण करून देणारें एकच तिरकें शीड. अशा या नौकेवर असंख्य मुलें वारा ओळखावयास शिकलीं.

फायबरग्लास म्हणजे कांचेच्या बारीक तंतूंचें कापड रेझिनमध्यें भिजवून घट्ट केलेलें कवच. तें कुजत नाहीं, त्यास वाळवी लागत नाहीं. हाच त्याचा गुण, आणि हाच दोषहि! टाकून दिलेली लांकडी होडी कालांतरानें मातीस मिळते. ही मात्र किनाऱ्यावर वर्षानुवर्षें तशीच पडून राहते, व धातूप्रमाणें वितळवून तिचें नवें कांहीं करितां येत नाहीं. फ्रान्सनें तर अशा टाकाऊ नौका मोडण्याची रीतसर व्यवस्था २०१९ मध्यें सुरू केली. म्हणून आमचें स्पष्ट मत असें कीं, दुरुस्त होण्याजोगी नौका टाकून देणें हा मोठाच अपव्यय होय.

परंतु दुरुस्ती खरी असावी. पुष्कळ जण प्रथम रंगाचा डबा आणितात. हें म्हणजे रोग्याची नाडी न पाहतां त्यास नवा अंगरखा चढविण्यासारखें आहे! सनफिशच्या पोटांत फोमचे ठोकळे असतात. सूक्ष्म भेगांतून पाणी झिरपून ते भिजतात, आणि नौका कित्येकदां पन्नास-साठ पौंडांनीं जड होते. बाहेरून मात्र कांहींच दिसत नाहीं. यास्तव प्रथम तिचें वजन करावें. जड भरल्यास वरच्या अंगास पांच-सहा इंचांचें भोंक पाडून आंत पंख्याचा वारा सोडावा, आणि कित्येक आठवडे, प्रसंगीं महिने, धीर धरावा. मग भोंकास झांकण बसवून आंत हवेचा अगदीं हलका दाब द्यावा व सांध्यांवर साबणाचें पाणी लावावें. बुडबुडे येतील तेथें गळती समजावी. तेथील कमकुवत भाग घांसून कडा उतरत्या कराव्या, ॲसिटोननें पुसून घ्यावें, व कांचेच्या कापडाचे थर रेझिननें चढवावे. रंग सर्वांत शेवटीं. कांचेची धूळ फुप्फुसांस अपायकारक असते व ॲसिटोन चटकन् पेटतें. म्हणून मुखपट्टी, चष्मा, हातमोजे, मोकळी हवा आणि वडील माणसांची देखरेख अवश्य हवी.

कोणी म्हणेल, एवढ्या खटाटोपापेक्षां नवी नौका काय वाईट? हा आक्षेप अगदींच निराधार नाहीं. शीड, डोलकाठी व सुकाणू सर्वच नाहींसें झालें असेल, तर खर्चाचा मेळ बसणार नाहीं. तो हिशेब आधींच करावा. परंतु ज्यानें स्वहस्तें नौका दुरुस्त केली, त्यास तिचा प्रत्येक सांधा ठाऊक असतो, व वारा वाढला तरी तो गांगरून जात नाहीं. पालकांनींहि अशा कामास वेळेचा अपव्यय समजूं नये. झांकलेला दोष शोधून काढण्याची संवय ज्यास विद्यार्थिदशेंत लागली, तो पुढें घर बांधो, यंत्र चालवो वा हिशेब लिहो, त्याचें काम गळकें राहणार नाहीं.