झाडांच्या नावावर धुराची उधारी



कोळशावरचे वीज केंद्र असो की सिमेंटचा कारखाना, जनसुनावणीच्या मांडवात एक वाक्य ठरलेले असते : 'भोवती हिरवा पट्टा लावू, झाडे धूर पिऊन घेतील.' जमीन आपली, पीक आपले, फुप्फुसेही आपलीच. तेव्हा हा हिशेब आपणच तपासला पाहिजे. झाडे धूर पितात का? पितात. पण कोणता आणि किती, हे मांडवात कोणी सांगत नाही.

खळ्यावरची उफणणी आठवा. ज्वारीचा दाणा पायाशी पडतो, भुसा चार हात पलीकडे जातो, आणि अगदी बारीक कोंडा वाऱ्यावर निघून जातो. चिमणीच्या राखेचेही तसेच. जाड राख जवळपास पडते, पानावर दिसते, फुटलेल्या बोंडातला कापूस मळवते. तिच्याबद्दल आपण भांडतो, कारण ती दिसते. पण ०.१ मायक्रॉनपेक्षा लहान कण दिसतच नाहीत. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो. त्याच्या रुंदीत असे सातशे कण एका ओळीत बसतील. हे कण फुप्फुसाच्या तळापर्यंत पोचतात आणि त्यांतले काही रक्तातही उतरतात.

असा कण झाडावर बसतो कसा? जाड कण आपल्या वजनाने पडतो, किंवा वारा पानाला वळसा घालतो तेव्हा याला वळता येत नाही आणि तो पानावर आपटतो. अतिसूक्ष्म कणाचे वजन नसल्यातच जमा. हवेचे रेणू त्याला चहूकडून ढकलतात आणि तो भरल्या बाजारात हात सुटलेल्या पोरासारखा भरकटतो. प्रत्येक पानाभोवती जवळजवळ स्थिर हवेचा पातळ थर असतो. भरकटत भरकटत कण तो थर ओलांडतो, पानाला टेकतो आणि चिकटतो. कण जितका लहान, तितके त्याचे भरकटणे जास्त. म्हणून सर्वांत लहान कण झाडे चांगले पकडतात. ०.१ ते १ मायक्रॉनचे मधले कण मात्र धड आपटत नाहीत, धड भरकटत नाहीत. ते झाडांतून निसटतात, पावसाच्या थेंबालाही चुकवतात. चिमणीत राख धरणाऱ्या विजेच्या यंत्राची पकडही याच मापाला सर्वांत कमी पडते.

ही मोजणी जगात झालेली आहे. फिनलंडमध्ये हुटियाला येथे हेलसिंकी विद्यापीठाचे केंद्र १९९५ पासून पाइनच्या जंगलात आहे. तिथे मनोऱ्यावर वाऱ्याची वर-खाली हालचाल सेकंदाला अनेक वेळा मोजतात, त्याच वेळी कणही मोजतात, आणि जंगलाने किती ओढून घेतले ते काढतात. तिथेच असेही दिसले की, झाडांतून निघणाऱ्या वाफांपासून हवेत नवे कणही जन्मतात. जंगल म्हणजे नुसती चाळणी नव्हे.

अशा मोजण्यांतून कण खाली बसण्याचा वेग सेकंदाला साधारण एक मिलिमीटर ते एक सेंटिमीटर निघतो. आता कारखान्याच्या बाजूने उदार होऊन हिशेब करू. वेग पूर्ण एक सेंटिमीटर धरा. पट्टा पाचशे मीटर रुंद धरा. ताशी दहा किलोमीटरच्या वाऱ्याने हवा तो पट्टा तीन मिनिटांत ओलांडते. तीन मिनिटांत साफ झाला किती थर? एक मीटर ऐंशी सेंटिमीटर, म्हणजे एक पुरुषभर! आणि ५०० मेगावॉटच्या संचांच्या चिमण्या नियमाप्रमाणे बांधल्या आहेत २७५ मीटर उंच. धूर पट्ट्याच्या डोक्यावरून जातो आणि चार गावे ओलांडून खाली येतो. हवेचा एक किलोमीटर जाडीचा थर याच वेगाने साफ व्हायला अठ्ठावीस तास लागतात. ते काम मैलोन्‌मैल पसरलेले जुने जंगल करू शकते. म्हणूनच उभे जंगल तोडून दुसरीकडे रोपे लावणे ही भरपाई होत नाही.

त्यात आपल्याकडची झाडे पानगळीची. हिवाळ्यात थंड हवा जमिनीशी कोंडते, धूर खालीच राहतो, पाऊस नसतो. पुढे फेब्रुवारी-मार्चमध्ये साग उघडा पडतो. गरज असते तेव्हाच पहारेकरी रजेवर!

आणखी एक गोष्ट. अतिसूक्ष्म कण सगळेच चिमणीतून येत नाहीत. कोळशातल्या गंधकाचा वायू बाहेर पडतो आणि त्यापासून हवेत कण तयार होतात. राख धरणारे यंत्र वायू धरत नाही. त्यासाठी गंधक धुणारे वेगळे यंत्र लागते. डिसेंबर २०१५ मध्ये केंद्र सरकारने औष्णिक केंद्रांना या वायूची मर्यादा घालून दोन वर्षांची मुदत दिली. मुदत पुन्हा पुन्हा वाढली, आणि जुलै २०२५ मध्ये बहुतेक केंद्रांना या यंत्रातून सूट मिळाली. शेतकऱ्याच्या कर्जाची मुदत इतक्या प्रेमाने कोणी वाढवली आहे काय?

शिवाय २००९ ची हवेची मानके कणांचे वजन करतात, संख्या मोजत नाहीत. दहा मायक्रॉनच्या एका कणाच्या वजनात ०.१ मायक्रॉनचे दहा लाख कण बसतात. तराजू असा असेल तर खरा माल तोलात येणारच नाही. मापातली खोट कापूस बाजारात आपण खूप पाहिली आहे. ही त्याच जातीची.

आपल्या बांधावरचा धूरही यातून सुटत नाही. पऱ्हाटी पेटवली की निघणारे बहुतेक कण त्याच मधल्या, निसटणाऱ्या मापाचे असतात, आणि ते आधी आपल्याच घरात शिरतात. बोंडअळीसाठी पऱ्हाटी शेतातून काढायलाच हवी, पण ती भुगा करून मातीत गेली तर शेताचे हित आहे.

म्हणून या बैठकीत मागण्या स्पष्ट असाव्यात. चिमणीवरच्या मोजणीचे आकडे ग्रामपंचायतीच्या फळ्यावर रोज लागावेत. हवा मोजण्याचे यंत्र वाऱ्याच्या खालच्या अंगाच्या गावांत बसावे. गंधक धुण्याचे यंत्र बसावे. आणि हिरव्या पट्ट्याचा आकडा प्रदूषण कमी केल्याच्या खात्यात धरू नये.

झाडे जरूर लावा. सावलीसाठी, फळासाठी, लाकडासाठी लावा. पण ज्याने धूर केला, त्याची उधारी झाडाच्या नावावर लिहू देऊ नका.