मनगटावरचा नवा गंडा
देवळाली प्रवरात पोलीस भरतीसाठी १६०० मीटर धावण्याचा सराव करणाऱ्या मुलांनो, 'ताकद, तोल वाढवणारा' रबरी पट्टा घेऊ नका. अशा पट्ट्या विकणाऱ्या 'पॉवर बॅलन्स' कंपनीने २०१० साली ऑस्ट्रेलियात कबूल केले की आपल्या दाव्यांना विश्वासार्ह वैज्ञानिक पुरावा नाही. विक्रेता आधी पसरलेला हात दाबून तोल घालवतो; पट्टा घातल्यावर हात किंचित शरीराकडे दाबतो. शिवाय दुसऱ्या वेळी आपण सावध असतो. एवढीच ती जादू!

१९५६ च्या धम्मदीक्षेनंतर वाडवडिलांनी गंडेदोरे तोडले. नातवंडांनी ते पैसे मोजून पुन्हा का बांधावेत? आईबापांनो, त्याच पैशांत अंडी, शेंगदाणे आणा, बरे बूट घ्या. दम सरावाने, आहाराने, झोपेनेच वाढतो.