तेजाबाची सूचना मजुराच्या भाषेत हवी

मी शाळेत उर्दू आणि मराठी शिकवतो. त्यामुळे एखादी वस्तू समोर आली की तिचे नाव आधी डोळ्यांत भरते. ॲसिडला मराठी पाठ्यपुस्तकात 'आम्ल' म्हणतात, उर्दू पाठ्यपुस्तकात 'तुर्शा'. दोन्ही शब्द आंबट चवीवरून आले. पण बाजारातला माणूस यातला एकही शब्द वापरत नाही. तो म्हणतो तेजाब. तेज म्हणजे धारदार आणि आब म्हणजे पाणी. धारदार पाणी! माझ्या मते हेच नाव सर्वांत प्रामाणिक आहे, कारण त्यात धोका सांगितलेला आहे.

गंधकाचे तेजाब, म्हणजे सल्फ्युरिक ॲसिड, हे आपल्या वस्त्यांपासून दूर कुठेतरी मोठ्या कारखान्यात असते असा अनेकांचा समज आहे. तसे नाही. खतांच्या कारखान्यात ते टँकरने लागते हे खरे, पण गल्लीतल्या बॅटरीच्या दुकानातही तेच असते. रिक्षाच्या आणि इन्व्हर्टरच्या शिशाच्या बॅटरीत ते पाणी मिसळून भरलेले असते. पितळ-लोखंडाला मुलामा चढवणाऱ्या गाळ्यात ते धातू साफ करायला लागते. सोने गाळणाऱ्याकडे नायट्रिक ॲसिड असते आणि सायकलवर फिनेल विकणाऱ्याकडे संडास धुण्याचे हायड्रोक्लोरिक. या कामांत आपल्या समाजातली, दलित-बहुजन समाजातली आणि परराज्यातून आलेली किती मुले आहेत, हे कुठल्याही औद्योगिक गावाच्या मागच्या गल्लीत फिरून पाहावे.

तेजाबाचा स्वभाव समजून घेतला तर निम्मा धोका टळतो. निव्वळ गंधकाचे तेजाब पाण्याहून पावणेदोन पटींपेक्षा जड असते. दिसायला तेलासारखे, वास जवळजवळ नाही, धूर नाही. म्हणून नवख्याला ते निरुपद्रवी वाटते. पण त्याला पाण्याची विलक्षण ओढ असते. साखर, लाकूड, सुती कापड, माणसाची कातडी, ज्यातून म्हणून पाणी काढून घेता येईल त्यातून ते घेते आणि मागे काळा कोळसा ठेवते. पाण्यात मिसळताना ते प्रचंड उष्णता सोडते. म्हणून नियम असा की तेजाब पाण्यात ओतायचे, हळूहळू, ढवळत. पाणी तेजाबात कधीच ओतायचे नाही. हलके पाणी जड तेजाबावर तरंगते, तिथल्या तिथे उकळते आणि उसळून थेट तोंडावर येते. चार्ज होणाऱ्या बॅटरीतून हायड्रोजन वायू निघतो. तिथे बिडी पेटवली किंवा पान्याची ठिणगी पडली तर बॅटरी फुटते आणि आतले तेजाब डोळ्यांत जाते. संडासाचे ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर एकत्र केली की क्लोरीन वायू तयार होतो. बंद मोरीत तो जीवावर बेततो.

ही सगळी माहिती कॅनवर छापलेली असते की! असते, पण बहुतेक वेळा इंग्रजीत. माझा एक विद्यार्थी शाळा सुटल्यावर बॅटरीच्या दुकानात जायचा. कॅनवर काय लिहिले आहे असे मी त्याला विचारले, तर म्हणाला, "सर, कंपनीचं नाव असंल." हाताच्या चित्रावर थेंब पडतो आहे, ही जगभर मान्य असलेली खूण आहे. तिचाही अर्थ त्याला कुणी सांगितला नव्हता. जो माणूस तो कॅन उचलतो त्याला ते वाचता येत नाही आणि ज्याला वाचता येते तो कॅनला हात लावत नाही. सूचना छापल्याने कागदोपत्री नियम पाळला जाईल, पण मुलाचा डोळा वाचणार नाही.

आपल्या जलशांत आणि वार्षिक स्नेहसंमेलनांत जाबिर इब्न हय्यानचे नाव फार अभिमानाने घेतले जाते. तेजाब मुसलमानांनी जगाला दिले, असे वक्ते सांगतात. इतिहास एवढा सरळ नाही. त्याच्या नावाने पुढे युरोपात लॅटिन ग्रंथ लिहिले गेले आणि कोणता शोध कुणाचा यावर अभ्यासकांचे वाद आहेत. पण तो वाद बाजूला ठेवू. ज्यांना त्या किमयागाराचा अभिमान वाटतो, त्यांनी आपल्याच मोहल्ल्यातल्या मुलामा-गाळ्यात जाऊन पोरांच्या डोळ्यांवर चष्मा आहे का, एवढे पाहावे. अभिमानाची ती खरी कसोटी होईल.

कायद्याबद्दल बोलायचे तर तो नाही असे नाही. ४ डिसेंबर १९८५ रोजी दिल्लीत श्रीराम कारखान्यातून ओलियम, म्हणजे गंधकाच्या तेजाबाचेच अधिक उग्र रूप, गळले. त्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८६ साली तत्त्व घालून दिले की धोकादायक धंदा करणाऱ्याची जबाबदारी संपूर्ण असते, त्याला सबब सांगता येत नाही. भोपाळनंतर १९८७ साली कारखाने अधिनियमात दुरुस्ती झाली आणि कामगाराला धोक्याची माहिती देणे मालकावर बंधनकारक झाले. लक्ष्मी अग्रवाल यांच्या याचिकेवर १८ जुलै २०१३ रोजी आदेश आला : ओळखपत्र पाहिल्याशिवाय आणि नोंदवहीत लिहिल्याशिवाय ॲसिड विकायचे नाही, अठरा वर्षांखालच्यांना तर मुळीच नाही. तो आदेश प्रामुख्याने मुलींवरच्या हल्ल्यांसाठी होता आणि तो अत्यंत गरजेचा होता. पण ज्या बाजारात नोंदवहीशिवाय ॲसिड मिळते, त्याच बाजारात ते शीतपेयाच्या जुन्या बाटलीत भरूनही मिळते. मग ती बाटली घरी येते आणि एखादे तहानलेले लेकरू तोंडाला लावते. निष्काळजी विक्री दोन्हीकडे घात करते.

यावर दोन उत्तरे मला नेहमी ऐकू येतात. पहिले, "सर, छोटा धंदा आहे, परवडत नाही." गॉगल, जाड रबरी हातमोजे, रबरी ॲप्रन आणि जवळ पाण्याचा नळ, एवढ्याचा खर्च एका बॅटरीच्या किमतीपेक्षा बहुधा कमीच येईल. दुसरे उत्तर, "जे नशिबात असेल ते होईल." तवक्कुल म्हणजे उंट मोकळा सोडणे नव्हे, हे आपण सगळे लहानपणीच ऐकलेले असतो. तेजाबाचा कॅन उघडा ठेवून नशिबाला बोल लावणे हा दोष नशिबाचा नाही.

आणि अंगावर पडलेच तर? कपडे ताबडतोब काढा आणि वाहत्या पाण्याखाली निदान वीस मिनिटे धरा. डोळ्यात गेले तर पापण्या उघड्या धरून तितकाच वेळ धुवा, मगच दवाखाना गाठा. हळद, टूथपेस्ट, तेल, खाण्याचा सोडा, काहीही लावू नका. पोटात गेले तर उलटी करवू नका, कारण परत वर येताना ते अन्ननलिका पुन्हा जाळते. पहिल्या काही मिनिटांतले साधे पाणी नंतरच्या कितीतरी महागड्या औषधांचे काम करते.

माझे म्हणणे थोडक्यात असे. ॲसिडच्या प्रत्येक कॅनवर मराठी, हिंदी आणि उर्दूत चार ओळी सक्तीच्या कराव्यात. सरकारला वेळ लागेल, पण दुकानाच्या भिंतीवर त्या चार ओळी लिहायला कुणाचीही परवानगी लागत नाही. जुम्याच्या नमाजनंतर होणाऱ्या घोषणांत, गणेश मंडळाच्या फलकावर, शाळेच्या पालकसभेत या गोष्टी सांगता येतात. विज्ञानाच्या शिक्षकाने परीक्षेसाठी सूत्र शिकवावे, पण कॅन कसा उचलायचा हेही शिकवावे. आणि चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाला या कामावर ठेवूच नये. त्याला हातमोजे देऊन हा प्रश्न सुटत नाही.

वर्गात मी व्याकरणाच्या तासालाही अधूनमधून एक वाक्य दोन्ही भाषांत फळ्यावर लिहितो : तेजाब पाण्यात, पाणी तेजाबात नाही. कर्ता-कर्म ओळखायला सांगतो. वाक्य मुलांना पाठ होते. दहावीनंतर यांतली काही मुले त्याच गाळ्यांत जाणार आहेत, हे मला माहीत आहे.