धामणीची फांदी आणि दाव्याचा कागद



दिवाळीनंतरची गोष्ट. आपल्या एका वाडीतले म्हातारे बाबा धामणीची एक फांदी खांद्यावर टाकून डोंगर उतरत होते. नातवाला तिरकामठा करून द्यायचा होता. वाटेत गार्ड भेटला. त्याने फांदी घेतली, कोयता घेतला आणि "झाड तोडलंस" म्हणून दम भरला. बाबा म्हणाले, "साहेब, झाड उभं हाय, चला, दाखवतो." कोण जातंय बघायला! कोयता सोडवायला बाबांना तीन खेपा घालाव्या लागल्या. पावती काही मिळाली नाही.

कोणी म्हणेल, वाडीखालच्या जमिनीचा प्रश्न पडलाय, दळीचा प्रश्न पडलाय, आणि हे एका फांदीवर संपादकीय लिहितात. आम्ही मुद्दाम लिहितोय. कारण ती फांदी आणि जमीन हा एकच प्रश्न आहे.

धामण आपल्याला नवी नाही. गुरांमागे फिरणारी पोरं तिची बारीक फळं खातात. सालीचा वाख दोरीला चालतो. लाकूड वाकतं पण मोडत नाही, म्हणून कावडीला धामण, कुऱ्हाडीच्या दांड्याला धामण आणि तिरकामठ्यालाही धामण. पोरं कधी आंब्याची फांदी घेतात. ती दोन दिवसांत काडकन मोडते.

बाबांकडे बसून आम्ही कामाची रीत लिहून घेतली. आपल्या वाड्यांतल्या पोरांसाठी ती इथे देतो.

पावसाळा सरला, झाडातलं पाणी कमी झालं, की फांदी घ्यायची. सरळ, बिनगाठीची, मनगटापेक्षा थोडी बारीक आणि आपल्या खांद्याएवढी लांब. मधला मुख्य शेंडा कधीच घ्यायचा नाही, बाजूची फांदी घ्यायची. आधी खालच्या अंगाने थोडा घाव, मग वरून तिरपा घाव, म्हणजे साल खोडापर्यंत फाटत नाही आणि जखमेत पाणी साचत नाही. एका झाडाची एकच फांदी. त्या झाडाला पुढची दोन-तीन वर्षं हात लावायचा नाही.

फांदी उन्हात टाकली तर चिरते. ती सावलीत किंवा चुलीच्या वर आढ्याला टांगून महिनाभर सुकू द्यायची. मग तासायला बसायचं. जी बाजू निशाणाकडे राहणार, तिची नुसती साल काढायची, लाकडाला कोयता लावायचा नाही. तिथला धागा तुटला की कामठा तिथेच मोडतो. तासायचं ते पोटाकडून, म्हणजे आपल्याकडच्या बाजूने. मधे मुठीला जाड, टोकांकडे बारीक. थोडं तासायचं, हळू वाकवून बघायचं, परत थोडं तासायचं. दोन्ही हात सारखे वाकले पाहिजेत. एक ताठ राहिला तर सगळा जोर दुसऱ्यावर येतो. टोकांना खाचा पाडून दोरी लावायची आणि काम झालं की दोरी उतरवून ठेवायची. कायम ताणलेला कामठा लवकर मरतो.

या रीतीत तिरकामठ्याइतकीच झाडाची काळजी आहे. कोणती फांदी, कोणत्या महिन्यात, किती वर्षांनी, हे ज्याच्या बापजाद्यांनी त्याच जंगलात आयुष्य काढलंय त्यालाच ठाऊक असतं.

आता आपल्या घरातलंही बोलू. कर्जतकडच्या एका वाडीत पोरांनी धामणीचं कोवळं झाड बुंध्यातून तोडलं आणि शोभेचे तिरकामठे करून फार्महाऊसवाल्यांना विकले. ते त्यांच्या भिंतीवर टांगलेत. पोरांना चार पैसे मिळाले, पण झाड गेलं, आणि गार्डाच्या हाती आयतं बोलणं आलं. पोटाची अडचण आम्हाला कळते. तरी हे चुकलं, असं आम्ही म्हणतो. गार्ड चुकतो तेव्हा त्याला विचारायचं असेल, तर आपलं चुकतं तेव्हा आपल्या सभेत विचारलं पाहिजे. आणि हेही सांगायला पाहिजे, की त्या वाडीची जवळची झाडं आज कुंपणाच्या आत आहेत. जिथे आजा गुरं चारायचा तिथे नातवाला वॉचमन हटकतो. जमीन गेली की झाड जातं, आणि झाडापाठोपाठ हातातली कला जाते.

जंगलखात्याचा नियम जुना आहे. १९२७ च्या भारतीय वन कायद्यात, २६ व्या कलमात, राखीव जंगलात झाड तोडणं आणि फांदी छाटणं हे दोन्ही गुन्हे एकाच कलमात बसवलेत. झाड मारणारा आणि झाड राखून फांदी घेणारा, दोघे एकाच रांगेत. अशाच जंगल कायद्यांविरुद्ध २५ सप्टेंबर १९३० ला आपल्याच जिल्ह्यात, चिरनेरला, सत्याग्रह झाला. पोलिसांनी गोळीबार केला. त्यात नाग्या महादू कातकरी हुतात्मा झाला.

आता २००६ चा वनहक्क कायदा आहे. आपला जिल्हा पाचव्या अनुसूचीत नाही, तरी हा कायदा इथे लागू आहे. त्याच्या कलम ३ मध्ये कसत असलेल्या जमिनीचा हक्क आहे, तसे सामूहिक हक्कही आहेत: निस्तार हक्क, गौण वनोपजाची मालकी, आणि जंगल राखण्याचा, वाढवण्याचा हक्क. गौण वनोपजात बांबू आहे, झाडोरा आहे, मध आहे. इमारती लाकूड नाही. धामणीची फांदी कशात धरायची, यावर उद्या वाद होणार. म्हणून आपणच आधी लिहून ठेवलं पाहिजे.

शिकारीबद्दल लपवाछपवी नको. १९७२ चा वन्यजीव कायदा आहे, आणि वनहक्क कायद्यानेही शिकारीचा हक्क वगळला आहे. तिरकामठा करण्याची कला आपली आहे, ती पोरांना शिकवा. पण तो घेऊन रानात जनावरामागे जाऊ नका. एक केस झाली की सगळ्या वाडीचा दावा बदनाम होतो. तहसीलवरच्या मोर्चालाही तिरकामठे आणू नका. पोलिसांची ३७ कलमाची नोटीस लागलेली असली तर तेच निमित्त होतं.

राजस्थानातल्या आदिवासी घरातला लिंबाराम बांबूच्या धनुष्यावर हात बसवून ऑलिंपिकपर्यंत गेला, तेव्हा सरकारने त्याचं कौतुक केलं. तीच कला पोरांना शिकवायला निघालेल्या आपल्या बाबांचा कोयता जप्त होतो.

तेव्हा येत्या महिन्यात प्रत्येक वाडीने तीन कामं करावीत.

एक. सामूहिक दाव्यात आपण जंगलातून काय काय आणतो ते नावानिशी लिहा. "लाकूडफाटा" एवढंच लिहून भागणार नाही. धामणीची फांदी, बांबू, कारवी, राबाचा पाला, कंद, मध, सगळं लिहा. कुठल्या डोंगरातून, कुठल्या महिन्यात, तेही लिहा.

दोन. म्हाताऱ्या माणसांचे जबाब लिहून घ्या. दावेदार सोडून इतर वडीलधाऱ्यांचं लेखी सांगणं कायद्याच्या नियमांत पुरावा म्हणून धरलं आहे. आपल्याकडे सातबारा नाही, पण धामण कुठे उभी आहे आणि तिची फांदी शेवटची कधी घेतली हे सांगणारी माणसं आहेत. ती आहेत तोवर लिहा. दोन वाड्यांत असं सांगणारं एकही माणूस आता उरलेलं नाही.

तीन. फांदी घेण्याचा नियम वाडीच्या सभेत ठरवा, ठराव करा आणि दाव्याला जोडा. शेंडा तोडायचा नाही, एका झाडाची एकच फांदी, विकायला झाड तोडायचं नाही. मोडेल त्याला सभेने दंड करावा. जंगल राखण्याचा हक्क मागायचा, तर आपण ते कसं राखतो हे कागदावर दिसलं पाहिजे.

आणि कोणी कोयता, कुऱ्हाड घेतली तर पावती मागा. नाही दिली तर तारीख, जागा आणि साक्षीदारांची नावं लिहून आमच्याकडे पाठवा.

बाबा परवा आम्हाला त्या धामणीपाशी घेऊन गेले. झाड उभं आहे. फांदी घेतलेल्या जागेच्या खाली दोन कोंब आलेत. नातू बरोबर होता. बाबांनी त्याला कोंब दाखवून सांगितलं, यातला एक तुझ्या पोराचा.

जंगल-जमीन आमच्या हक्काची!