बदलून टाका!

आमच्या घरचा संगणक सकाळी सुरू होत नाही. म्हणजे दिवा लागतो, पंखा फिरतो, पडदा मात्र काळाच. चौथ्या प्रयत्नाला तो एकदाचा उठतो आणि आज १ जानेवारी असल्याचं जाहीर करतो.

हा संगणक मी स्वतः जोडलेला आहे. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणून, दिवाणखान्यातल्या टेबलावर. जोडून झाल्यावर चार स्क्रू आणि एक काळा मणी उरला. घरातल्या सगळ्या बिघाडांचं मूळ त्या डबीत आहे, असं सौ.चं मत.

शेवटी एका दुकानदाराला दाखवला. झाकणसुद्धा न उघडता तो म्हणाला, "साहेब, बदलून टाका!"

माझं भांडण आहे ते या दोन शब्दांशी. डॉक्टरांनी नाडी न बघता बांबू आणि मडक्याची यादी लिहून दिली, तर आपण फी देऊ का?

आम्ही बँकेतली माणसं. संध्याकाळी दहा रुपयांचा फरक आला म्हणून आम्ही कधी बँक बदलली नाही. फरक शोधायची एक रीत असते. बरोबर असलेल्या नोंदींवर टिक मारत जायचं. शेवटी उरतो तो चोर.

मी तीच रीत धरली. आधी प्लग काढला. मग प्रिंटर, हार्ड डिस्क, सगळं सोडवलं आणि फक्त मदरबोर्ड, प्रोसेसर, त्याचा पंखा, एक रॅम आणि वीज पुरवणारा डबा एवढ्यांनाच कामावर ठेवलं. वीज मिळताच मदरबोर्ड आधी स्वतःची तपासणी करतो आणि रॅम सापडली नाही तर छोट्या स्पीकरमधून शिट्ट्या मारतो. आमचा इतके दिवस का गप्प होता? कारण डबीतला काळा मणी हाच तो स्पीकर! बिचारा बोलत होता. आम्ही त्याचं तोंडच डबीत ठेवलं होतं.

स्पीकर बसवला, शिट्ट्या आल्या. प्लग पुन्हा काढून रॅम बाहेर घेतली, तर तिच्या सोनेरी पट्ट्या काळवंडलेल्या. यात आमच्या गावाचाही हात आहे. सुमारे १,३०० मीटर उंचीवरच्या पाचगणीत गोऱ्या साहेबाने एकोणिसाव्या शतकात हवापालटासाठी वस्ती केली. पुढे छातीचे रोगी इथे बरे व्हायला आले. पण माणसाला मानवणारी हवा रॅमला मानवेलच असं नाही. पावसाळ्यात धुकं पाहुण्यासारखं घरात शिरतं आणि जाताना दमट डाग ठेवून जातं. चिरंजीवांचं खोडरबर घेऊन पट्ट्या हलकेच पुसल्या, धूळ झटकली. तीन व्होल्टचा नाण्याएवढा सेल संपला होता, तोही बदलला. पहिल्याच झटक्याला पडदा उजळला. तारीखसुद्धा जागेवर!

तुम्ही म्हणाल, कधीतरी बदलावं लागतंच की. लागतं. वीजपुरवठ्याचा डबा जळाला तर तो उघडून शहाणपणा करू नये. आत वीज दडून बसलेली असते. तो नवाच आणावा. पण एक डबा गेला म्हणून सगळा संसार नवा? २०२२ साली केंद्र सरकारला दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमावी लागली, इतकी ही 'बदलून टाका'ची साथ पसरली आहे.

आता खरं कारण सांगतो. २००० साली सरकारी बँकांनी स्वेच्छानिवृत्तीची योजना आणली, तेव्हा त्यासाठी पुरेसं वय होतं चाळीस. मी नोकरीला लागलो त्यानंतर, पण आज शेहेचाळीसचा आहे. सकाळी मीही चौथ्या हाकेला उठतो आणि कधीकधी तारीख विसरतो.

तेव्हा माझ्याबद्दल निर्णय घेण्यापूर्वी, मंडळी, निदान झाकण तरी उघडून बघा.